डब्याच्या दुधातील पायसीकारके : गरज किती, धोका किती?

भिलाई, दुर्ग किंवा राजनांदगाव येथील औषधांच्या दुकानातून शिशुदुधाचा डबा घेऊन त्यावरील घटकांची यादी वाचली, तर दुधाची भुकटी, वनस्पती तेले, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या ओळीत 'इमल्सिफायर' हा शब्द पुष्कळदा आढळतो. त्यापुढे 'सोया लेसिथिन' असे नाव किंवा ३२२, ४७१ असा क्रमांक छापलेला असतो. बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीम यांच्या वेष्टनावर दिसणारे हेच क्रमांक तान्ह्या बाळाच्या दुधावर पाहून पालक साशंक झाले, तर त्यात आश्चर्य नाही.

मराठीत या द्रव्यांना पायसीकारके म्हणतात. ती कशासाठी घातली जातात, त्यांची मर्यादा कोण ठरवते, त्यांच्याविषयी कोणते आक्षेप घेतले गेले आहेत आणि डब्याच्या दुधातील खरा धोका कोठे असतो, याचा हा आढावा.

प्रश्न भिलाईत का महत्त्वाचा?

स्तनपानाच्या बाबतीत छत्तीसगड हे देशातील आघाडीच्या राज्यांपैकी एक आहे. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालकांना केवळ आईचे दूध मिळत होते. छत्तीसगडमध्ये हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. याचा अर्थ, या राज्यातही साधारणपणे पाचांतील एका बालकाला पहिल्या सहा महिन्यांतच पाणी, जनावराचे दूध, डब्याचे दूध किंवा अन्य काही दिले जात होते.

भिलाई हे पोलादाचे शहर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर देशाच्या अनेक भागांतून कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. मुंबई-हावडा लोहमार्गामुळे नागपूर आणि गोंदियाशी या भागाचा संबंध निकटचा असून मराठी कुटुंबेही येथे आहेत. अशा नोकरीच्या गावी बाळंतिणीच्या मदतीला आजी किंवा मावशी कायम असतेच असे नाही. आईला दूध कमी येत असेल, ती आजारी असेल किंवा तिला लवकर कामावर परतावे लागत असेल, तर कुटुंबापुढे दोनच पर्याय उरतात. एक डब्याचे दूध आणि दुसरा, आपल्याकडे ज्याला 'वरचे दूध' म्हणतात ते गाईचे किंवा म्हशीचे दूध.

डब्यावरील अपरिचित शब्दाला भिऊन पालक दुसऱ्या पर्यायाकडे वळले, तर बाळाचे नुकसान होऊ शकते. म्हणूनच या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

तेल आणि पाणी यांचा मेळ

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. नागपुरी रश्शावर तरंगणारी तर्री हे त्याचे नेहमीचे उदाहरण. रस्सा कितीही ढवळला, तरी काही क्षणांतच तेल पुन्हा वर येते. तेलाचे थेंब अतिशय बारीक करून पाण्यात पसरवले आणि ते पुन्हा एकत्र येणार नाहीत अशी व्यवस्था केली, तर मात्र पांढरट, एकजीव द्रव तयार होतो. त्याला पायस किंवा इमल्शन म्हणतात. थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम करणारे द्रव्य म्हणजे पायसीकारक.

पायसीकारकाच्या रेणूची रचना दुहेरी असते. त्याचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे स्निग्ध पदार्थाकडे. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती दाटीने उभे राहतात आणि त्यांचे एक पातळ आवरण तयार होते. हे आवरण टिकून असेपर्यंत थेंब एकमेकांत विलीन होत नाहीत.

दूध हे निसर्गाने तयार केलेले पायस आहे. दुधातील स्निग्धांशाच्या प्रत्येक गोलकाभोवती प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांचे पातळ आवरण असते. लोणी काढण्यासाठी साय किंवा दही घुसळले जाते, तेव्हा हेच आवरण फुटते, स्निग्धांश एकत्र गोळा होतो आणि ताक वेगळे होते. रवीने पायस मोडण्याचे हे काम महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान् पिढ्या होत आले आहे. पायसीकारकाचे कार्य याच्या नेमके उलट असते.

भिलाईतील कामगारांना या तत्त्वाचे आणखी एक रूप परिचित असेल. यंत्रशाळेत लेथवर धातू कापताना त्यावर सोडला जाणारा दुधासारखा पांढरा द्रव म्हणजेही पाण्यातील तेलाचे पायस असते. अर्थात तेथे वापरली जाणारी रसायने औद्योगिक असतात आणि खाद्यपदार्थांशी त्यांचा काहीही संबंध नसतो. पायसीकारक हे एका पदार्थाचे नाव नसून एका कार्याचे नाव आहे, हे या उदाहरणावरून लक्षात येते. म्हणूनच 'पायसीकारके सुरक्षित आहेत का', असा सरसकट प्रश्न विचारून उपयोग नाही. कोणते पायसीकारक, किती प्रमाणात आणि कोणत्या वयाच्या बालकासाठी, हे विचारावे लागते.

शिशुदुधात ती लागतात कशाला?

आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे साधारणतः साडेतीन ते चार ग्रॅम स्निग्धांश असतो आणि बाळाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा त्यातून येते. डब्याचे दूध तयार करताना हे प्रमाण साधण्यासाठी बहुधा साय काढलेल्या दुधात विविध वनस्पती तेले मिसळली जातात. आईच्या दुधातील मेदाम्लांच्या शक्य तितके जवळ जाणे, हा त्यामागील हेतू असतो. परंतु या तेलांभोवती निसर्गाने दिलेले आवरण नसते. ते कारखान्यात तयार करावे लागते.

त्यासाठी मिश्रण मोठ्या दाबाखाली सूक्ष्म छिद्रांतून जाऊ दिले जाते. त्यामुळे तेलाचे थेंब फुटून मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान होतात. आईच्या दुधातील गोलक सरासरीने याच्या कित्येक पट मोठे असतात. थेंब जितके लहान, तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ अधिक आणि ते झाकण्यासाठी लागणारे द्रव्यही अधिक. गाईच्या दुधातील केसिन आणि अन्य प्रथिने यातील बरेचसे काम स्वतःच करतात, म्हणून सर्वसाधारण शिशुदुधात बाहेरून घालावयाच्या पायसीकारकाचे प्रमाण मर्यादित ठेवता येते. त्यानंतर हे मिश्रण गरम हवेच्या झोतात फवारून वाळवले जाते आणि त्याची भुकटी होते.

लेसिथिनचा आणखी एक उपयोग असतो. स्निग्धांशयुक्त भुकटी पाण्यावर तरंगते आणि तिच्या गुठळ्या होतात. भुकटीच्या कणांवर लेसिथिनचा अत्यंत पातळ लेप असेल, तर पाणी कणांत लवकर शिरते आणि दूध एकसारखे तयार होते. गुठळ्या राहिल्या, तर बाळाच्या पोटात जाणारे दूध ठरल्यापेक्षा पातळ होते आणि उरलेले अन्न बाटलीच्या तळाशी किंवा बोंडल्याच्या काठाला चिकटून राहते.

पायस टिकले नाही, तर काय होते? स्निग्धांश वर साचतो आणि खाली राहिलेल्या पातळ द्रवात ऊर्जा कमी असते. नळीद्वारे दूध दिल्या जाणाऱ्या, अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर असतो, कारण वेगळा झालेला स्निग्धांश नळीच्या आतील बाजूस चिकटतो आणि बाळापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे पायसीकारक केवळ दूध दिसायला चांगले व्हावे म्हणून घातले जाते, हा समज बरोबर नाही.

ज्या बालकांना गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते, त्यांच्यासाठीच्या खास दुधात ही गरज आणखी वाढते. अशा दुधातील प्रथिनांचे आधीच लहान तुकडे केलेले असतात किंवा प्रथिनांऐवजी केवळ अमिनो आम्ले वापरलेली असतात. तुकडे झालेली प्रथिने तेलाचा थेंब धरून ठेवू शकत नाहीत. त्यांचे काम बाहेरून घातलेल्या पायसीकारकाला करावे लागते. आजारी बालकासाठीच्या दुधाच्या डब्यावर अशा द्रव्यांची नावे अधिक का दिसतात, याचे कारण हे आहे.

डब्यावरील क्रमांकांचा अर्थ

खाद्यपदार्थांत मिसळावयाच्या द्रव्यांना आंतरराष्ट्रीय पातळीवर क्रमांक दिलेले आहेत. क्रमांक असणे हे धोक्याचे चिन्ह नाही आणि सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही नाही. ती केवळ ओळख आहे.

क्रमांक ३२२ म्हणजे लेसिथिन. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोब्ले यांनी अंड्याच्या बलकातून हे द्रव्य वेगळे केले आणि बलकासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. आज ते प्रामुख्याने सोयाबीनच्या आणि काही प्रमाणात सूर्यफुलाच्या तेलापासून मिळते. कच्चे तेल शुद्ध करताना त्यातील चिकट भाग वेगळा काढला जातो आणि त्यापासून लेसिथिन तयार होते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातील सोयाबीनची मोठी उत्पादक राज्ये आहेत आणि छत्तीसगडच्या दुर्ग-राजनांदगाव पट्ट्यातील शेतकऱ्यांनाही हे पीक परिचित आहे. लेसिथिनचा मुख्य घटक असलेले फॉस्फोलिपिड मानवी पेशींच्या आवरणात, पित्तरसात आणि आईच्या दुधातही असते.

क्रमांक ४७१ म्हणजे मेदाम्लांची मोनो आणि डायग्लिसराइड्स. नाव अवघड असले, तरी हा पदार्थ शरीराला अनोळखी नाही. नेहमीच्या तेलाच्या किंवा तुपाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. त्यांतील एक किंवा दोन कमी केली की हे पदार्थ तयार होतात. जेवणातील स्निग्धांश पचताना आतड्यात प्रत्येक वेळी मोनोग्लिसराइड्स आपोआप निर्माण होतच असतात.

क्रमांक ४७२सी हा सायट्रिक आम्ल आणि मेदाम्ले यांच्यापासून तयार केलेला पदार्थ असून त्याला सिट्रेम असेही म्हणतात. तो मुख्यतः वर उल्लेखिलेल्या खास प्रकारच्या दुधात आढळतो. ४०७ म्हणजे कॅराजीनन. समुद्री शेवाळापासून मिळणारे हे द्रव्य खऱ्या अर्थाने घट्टपणा देणारे आणि स्थिरता राखणारे असून आंतरराष्ट्रीय मानकात त्याला फक्त द्रवरूप शिशुदुधात स्थान आहे. भारतात प्रामुख्याने भुकटीच्या रूपातील दूध विकले जात असल्याने येथील पालकांचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही.

मर्यादा किती?

शिशुदुधासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक कोडेक्स आयोगाने १९८१ मध्ये स्वीकारले आणि २००७ मध्ये त्यात व्यापक सुधारणा केली. त्यानुसार पिण्यासाठी तयार केलेल्या १०० मिलिलिटर दुधात लेसिथिन ०.५ ग्रॅमपेक्षा आणि मोनो व डायग्लिसराइड्स ०.४ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नयेत. दोन्ही एकत्र वापरल्यास प्रत्येकाची मर्यादा त्या प्रमाणात कमी होते. भारतात या उत्पादनांना भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०२० चे शिशुपोषणविषयक विनियम लागू आहेत.

या आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पाच किलो वजनाचे बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते, असे धरले, तर त्याच्या पोटात सुमारे २६ ग्रॅम स्निग्धांश जातो. लेसिथिन कमाल मर्यादेइतके असेल, तर त्याचे प्रमाण पावणेचार ग्रॅम होईल. आईच्या दुधातील फॉस्फोलिपिडांचे प्रमाण याच्या कितीतरी कमी, १०० मिलिलिटरमागे काही दशक मिलिग्रॅम इतकेच असते. 'लेसिथिन आईच्या दुधातही असते' हे विधान खरे असले, तरी मात्रा सारखी असते असा त्याचा अर्थ नाही. म्हणूनच केवळ 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबून न राहता तपासणी आवश्यक मानली जाते.

तान्ह्या बाळासाठी वेगळी कसोटी

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती खाद्यद्रव्यांचे मूल्यमापन करते. या समितीने १९७३ मध्येच लेसिथिन आणि मोनो व डायग्लिसराइड्स यांच्या दैनंदिन सेवनावर आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे म्हटले होते. परंतु असे निष्कर्ष सर्वसाधारण लोकसंख्येसाठी असतात. बारा आठवड्यांपेक्षा लहान बालकांना ते आपोआप लागू होत नाहीत, ही या समितीची भूमिका आहे.

याचे कारण उघड आहे. तान्ह्या बाळाचे आतडे, यकृत आणि मूत्रपिंडे पूर्ण विकसित झालेली नसतात. शिवाय मोठ्या माणसाच्या ताटात अनेक पदार्थ असतात, बाळाचे मात्र एकच अन्न असते आणि वजनाच्या मानाने ते मोठ्या प्रमाणात घेतले जाते. त्यामुळे या वयासाठीच्या चाचण्यांत नुकतेच जन्मलेले प्राणी, विशेषतः डुकराची पिल्ले वापरली जातात, कारण त्यांची पचनसंस्था मानवी अर्भकाशी बरीच मिळतीजुळती असते.

२०१४ मध्ये या समितीने सिट्रेम आणि कॅराजीनन या दोन्ही द्रव्यांचा शिशुदुधाच्या दृष्टीने विचार केला. सिट्रेमचे प्रमाण लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत असल्यास विषबाधेच्या दृष्टीने चिंतेचे कारण नाही, मात्र वरच्या पातळीवर त्यातून सुटणाऱ्या सायट्रिक आम्लामुळे जुलाब होण्याची शक्यता आहे, असे समितीने नमूद केले. लिटरमागे १ ग्रॅमपर्यंतच्या कॅराजीननबाबतही समितीला चिंतेचे कारण दिसले नाही. तरीही युरोपीय महासंघाने नवजात बालकांच्या दुधात कॅराजीनन वापरण्यास परवानगी दिलेली नाही. एकाच पुराव्यावरून दोन नियामक संस्था सावधगिरीची रेषा वेगवेगळ्या ठिकाणी आखू शकतात, हे यावरून दिसते.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सोळा आठवड्यांखालील बालकांचा स्वतंत्र विचार करून लेसिथिनविषयी २०२० मध्ये आणि मोनो व डायग्लिसराइड्सविषयी २०२१ मध्ये आपले मत दिले. दोन्ही वेळा या द्रव्यांचा सध्याचा वापर चिंताजनक नसल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच वेळी प्राधिकरणाने एका वेगळ्या मुद्द्याकडे लक्ष वेधले. द्रव्य स्वतः निर्धोक असले, तरी त्याच्याबरोबर येणारी अशुद्धी निर्धोक असेलच असे नाही. लेसिथिनमधील शिसे, आर्सेनिक यांसारख्या विषारी मूलद्रव्यांची आणि तेलावर उच्च तापमानात प्रक्रिया करताना तयार होणाऱ्या काही अपायकारक संयुगांची मर्यादा अधिक कडक करावी, अशी शिफारस करण्यात आली. त्यानंतर २०२३ मध्ये युरोपीय महासंघाने ४७१ क्रमांकाच्या द्रव्याची शुद्धतेची मानके सुधारली.

उंदरांवरील प्रयोग आणि पालकांची भीती

पायसीकारकांविषयीची अलीकडची बरीचशी चिंता २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून निर्माण झाली. कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट ८० ही दोन पायसीकारके दिल्यानंतर उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंची रचना बदलली, आतड्यात सौम्य स्वरूपाचा दाह निर्माण झाला आणि त्यांचे वजन वाढले, असे त्यात आढळले. मोठ्या माणसांवरही त्यानंतर काही अभ्यास झाले आहेत. हे संशोधन महत्त्वाचे असून ते दुर्लक्षण्याजोगे नाही.

मात्र ही दोन द्रव्ये आणि सर्वसाधारण शिशुदुधातील लेसिथिन किंवा मोनोग्लिसराइड्स यांत मूलभूत फरक आहे. कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज पचत नाही. ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते आणि तेथील जिवाणूंच्या संपर्कात येते. लेसिथिन आणि मोनोग्लिसराइड्स मात्र लहान आतड्यातच पचून त्यांचे घटक शोषले जातात. २०२१ मध्ये वीस पायसीकारकांची प्रयोगशाळेत मानवी आतड्यातील जिवाणूंवर चाचणी घेण्यात आली. त्यांपैकी अनेकांनी जिवाणूंच्या रचनेत बदल घडवला, पण लेसिथिनचा ठळक परिणाम दिसला नाही.

एवढ्यावरून हा विषय संपला असे म्हणता येत नाही. बाळाच्या आतड्यातील जिवाणूसृष्टी पहिल्या काही महिन्यांतच आकार घेते आणि डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या बालकांत ती स्तनपान घेणाऱ्यांपेक्षा वेगळी असते. परंतु या फरकामागे आईच्या दुधातील विशिष्ट शर्करा, प्रतिपिंडे आणि जिवंत पेशी यांचा अभाव असतो. एका पायसीकारकावर त्याचा सारा दोष ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही.

ॲलर्जीचा मुद्दा स्वतंत्र आहे. सोया लेसिथिनमध्ये सोयाबीनच्या प्रथिनांचा अंश अत्यल्प प्रमाणात राहू शकतो. सोयाची ॲलर्जी असलेली बहुतेक बालके ते सहन करू शकतात. तरीही अशी ॲलर्जी निश्चित झालेली असल्यास बालरोगतज्ज्ञांना विचारूनच डबा निवडणे योग्य.

खरा धोका कोठे?

गेल्या काही दशकांत डब्याच्या दुधामुळे जगात ज्या मोठ्या दुर्घटना घडल्या, त्यांत मान्यताप्राप्त पायसीकारक हे कारण नव्हते. २००३ मध्ये इस्रायलमध्ये विकल्या गेलेल्या एका सोयायुक्त शिशुदुधात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व नव्हते. त्यामुळे काही बालके दगावली आणि काहींना कायमचे अपंगत्व आले. २००८ मध्ये चीनमध्ये प्रथिनांचे प्रमाण जास्त भासावे म्हणून दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळण्यात आले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा बालकांचा मृत्यू झाल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले. २०२२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका मोठ्या कारखान्यात क्रोनोबॅक्टर जिवाणू आढळल्यानंतर उत्पादन थांबवावे लागले आणि देशभर शिशुदुधाची टंचाई निर्माण झाली. पहिल्या घटनेत आवश्यक घटक राहून गेला होता, दुसऱ्या घटनेत भेसळ झाली होती आणि तिसऱ्या घटनेत जंतूंचा प्रश्न होता.

घरातील धोकेही याच स्वरूपाचे आहेत. डब्यातील भुकटी निर्जंतुक नसते, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाणी उकळून, ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्यापूर्वी त्यात भुकटी मिसळावी आणि मग दूध पिण्याजोगे कोमट करून बाळाला द्यावे. उकळलेले पाणी अर्ध्या तासाहून अधिक काळ ठेवू नये आणि तयार दूध दोन तासांत संपले नाही तर टाकून द्यावे, असेही या सूचना सांगतात. भिलाईत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. अशा दिवसांत सकाळी करून ठेवलेले दूध दुपारी पाजणे म्हणजे जंतूंना वाढीसाठी वेळ देणे होय.

दुसरा धोका मापाचा आहे. बहुतेक डब्यांत ३० मिलिलिटर पाण्यास एक सपाट चमचा, असे प्रमाण असते. डबा महाग असल्याने तो अधिक दिवस पुरावा म्हणून चमचे कमी केले जातात. दूध दिसायला पांढरेच राहते, बाळाचे पोटही भरते, पण वाढ खुंटते. याउलट चमचा शीग लावून भरला, तर बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो आणि शरीरातील पाणी कमी होते.

तिसरा धोका बाटलीचा. बाटलीचे बूच आणि कोपरे नीट स्वच्छ होत नाहीत. उकळून घेतलेले वाटी-चमचा किंवा आपल्याकडचे जुने बोंडले त्यापेक्षा सुरक्षित मानले जाते.

गाईचे किंवा म्हशीचे दूध का नको?

'डब्यात रसायने असतात, त्यापेक्षा गवळ्याचे दूध पाणी घालून द्यावे', असा सल्ला अनेकदा दिला जातो. सहा महिन्यांखालील बालकासाठी तो योग्य नाही. गाईच्या दुधात प्रथिने आणि क्षार आईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक असतात आणि लोह फार कमी असते. पाणी घातल्याने प्रथिने कमी होतात, पण ऊर्जाही कमी होते आणि लोहाची उणीव तशीच राहते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सात टक्क्यांच्या आसपास असतो आणि केसिनही अधिक असते.

म्हशीचे दूध बाळाला मानवेल असे करता येईल का, हा प्रश्न भारतीय शास्त्रज्ञांपुढे स्वातंत्र्योत्तर काळात उभा राहिला होता. परदेशी शिशुदूध गाईच्या दुधापासून बनत असे, तर भारतात म्हशीचे दूध मुबलक होते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यासाठी प्रक्रिया विकसित केली आणि आणंदच्या अमूल सहकारी संस्थेने ते उत्पादन १९६० च्या सुमारास बाजारात आणले. ज्या गोष्टीसाठी संशोधन संस्थेला प्रयत्न करावे लागले, ती स्वयंपाकघरात पाणी घालून साधत नाही.

डबा घेताना काय पाहावे?

भारतात शिशुदुधाच्या विक्रीवर १९९२ च्या अधिनियमाचे नियंत्रण आहे. १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. या कायद्यानुसार शिशुदुधाची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही आणि मातेचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना ठळकपणे द्यावी लागते. भंग करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

घटकांच्या यादीत पायसीकारकाचे नाव किंवा क्रमांक स्पष्ट असावा. सोया आणि दूध यांचा ॲलर्जीकारक म्हणून उल्लेख आहे का, हे पाहावे. उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, बाळाचे वय, परवाना क्रमांक आणि अखंड सील हे तपासावे. हिरवे किंवा तपकिरी चिन्ह शाकाहारी-मांसाहारी भेद दाखवते, सुरक्षितता नव्हे. सुट्या पिशवीत बांधून दिलेली भुकटी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलेल्या डब्यातील तेल खवट होऊ शकते, म्हणून डबा थंड आणि कोरड्या जागी ठेवावा. तयार दुधावर तेलाचा तवंग दिसला, भुकटीला खवट वास आला किंवा भुकटी ओलसर लागली, तर ते दूध बाळाला देऊ नये.

आईचे दूध अपुरे वाटत असेल, तर डबा उघडण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञ, परिचारिका किंवा मितानिन या आरोग्य कार्यकर्तीचा सल्ला घेणे हिताचे असते. अनेकदा बाळाला धरण्याची पद्धत बदलल्याने आणि वारंवार पाजल्याने दूध वाढते. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी मातृदुग्धपेढी हाही एक मार्ग आहे. आशियातील अशी पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि त्यानंतर देशाच्या अन्य भागांतही अशा पेढ्या उभ्या राहिल्या.

हे सर्व करूनही डब्याचे दूध द्यावे लागले, तर त्यात अपराध मानण्याचे कारण नाही. ३२२ आणि ४७१ हे क्रमांक पाहून बाळाचा आहार बदलण्याची आवश्यकता आजच्या माहितीनुसार दिसत नाही. त्याऐवजी पाणी पुरेसे उकळले आहे का, चमचा सपाट भरला आहे का आणि वाटी स्वच्छ आहे का, याकडे प्रत्येक वेळी लक्ष देणे बाळाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.